सैनिकाच्या हातातला कागद कुठे गेला?

गेल्या अंकात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर लिहिलं आणि १७८३च्या पॅरिसच्या तहापाशी लेख थांबवला. त्यावर आलेल्या पत्रांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा होती, की पुढे काय झालं? मला मनापासून आनंद झाला. निवृत्तीनंतरची माझी सगळी वर्षं याच ‘पुढे’मध्ये गेली आहेत, साधारण १७८१ ते १८०१ या काळात. त्या पत्रांतली सात इथे घेते.

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. आमच्या नोट्समध्ये अमेरिकन क्रांती संपते आणि पान उलटलं की यादवी युद्ध. मधल्या काळाला चार ओळी: राज्यसंघ दुबळा होता, म्हणून घटना आली, हॅमिल्टन आणि जेफरसन यांचं पटलं नाही, दोन पक्ष झाले. पाठ होतं, पण समजत नाही. सुरुवात कुठून करू? (विद्यार्थिनी, परभणी)

एका कागदापासून कर.

माझे वडील गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते. संध्याकाळी कंदील लावून खतावणी उघडायचे आणि मला शेजारी बसवून नावे-जमा वाचून दाखवायला सांगायचे. ‘कुणाचं कुणाकडे येणं आहे ते आधी बघ, गावातली भांडणं आपोआप कळतील,’ असं म्हणायचे. मी पुढे साताऱ्याकडच्या एका कॉलेजात २९ वर्षं इतिहास शिकवला. अमेरिकेच्या या वीस वर्षांची किल्ली मात्र मला वडिलांच्या त्या वाक्यात सापडली.

आता तो कागद. कनेक्टिकटचा जोसेफ प्लम मार्टिन १७७६ साली पंधराव्या वर्षी सैन्यात भरती झाला. उपाशी राहिला, अनवाणी चालला, यॉर्कटाउनच्या वेढ्यात खंदक खणले. १७८३च्या उन्हाळ्यात त्याला घरी पाठवलं तेव्हा थकलेल्या पगारापोटी हातात पडली ती छापील प्रमाणपत्रं. सरकार तुमचं इतकं देणं लागतं, एवढाच त्यांचा अर्थ. रोख काहीच नाही. घरी जायला अंगावर धड कपडे नव्हते, म्हणून त्यातली काही प्रमाणपत्रं त्याने विकून टाकली. १८३० साली छापलेल्या आठवणींत त्याने हे स्वतः लिहून ठेवलं आहे. हजारो सैनिकांनी असंच केलं. बाजारात त्या कागदाला कित्येकदा डॉलरमागे १५-२० सेंटच मिळत.

रोख दिली नाही, कारण तिजोरी रिकामी होती. राज्यसंघ म्हणजे घटना येण्याआधीचा तेरा राज्यांचा सैल संघ. तो ‘दुबळा होता’ हे जे तू पाठ करतेस त्याचा अर्थ एवढाच, की मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. युद्धाचा खर्च तिने नोटा छापून आणि उसनवारीने भागवला. सुमारे २४ कोटी डॉलरच्या नोटा छापल्या. १७८० साली तिनेच जाहीर केलं, की ४० कागदी डॉलर म्हणजे चांदीचा एक. मग परदेशी मालावर ५ टक्के शुल्क बसवू द्या, अशी तिने राज्यांना विनंती केली. नियम असा, की तेराच्या तेरा राज्यं हो म्हणाली तरच राज्यसंघाच्या करारातलं कलम बदलणार. ऱ्होड आयलंडने १७८२ साली नकार दिला आणि मसुदा बारगळला. पुन्हा नवा मसुदा केला, तो १७८६ साली न्यूयॉर्कमुळे अडला. कर्ज काँग्रेसच्या नावे आणि वसुलीचा हक्क तेरा घरांत वाटलेला! अशा काँग्रेसच्या कागदाला बाजारात भाव कसा येणार?

एक वही कर आणि तीन रकाने आख. कर्ज कुणाचं? ते फेडायला पैसा कुणाकडून यायचा? आणि फेडल्यावर तो कुणाच्या हाती पडायचा? मग एकेक घटना त्यात भरत जा. शेजचं बंड भर, फिलाडेल्फियाची घटना परिषद भर, हॅमिल्टनची कर्जयोजना, १७९१ची राष्ट्रीय बँक, व्हिस्कीवरचा कर, सगळं भर. तुझ्या नोट्समधल्या त्या चार ओळी तुला एकाच घरातल्या भांडणासारख्या सलग दिसायला लागतील.

मार्टिनचंही सांगते. तो मेन या भागात ज्या जमिनीवर राबला, तिच्यावर हेन्री नॉक्स या युद्धातल्याच सेनापतीने मालकी सांगितली. मार्टिनला ती सोडवून घेता आली नाही. म्हातारपणी पेन्शनसाठी त्याने मालमत्ता लिहून दिली ती अशी: दोन गाई, सहा मेंढ्या, एक डुक्कर.

प्रश्न : मी द्राक्ष बागायतदार आहे. डॅनियल शेज या शेतकऱ्याच्या बंडाबद्दल कुठेतरी ओझरतं वाचलं. कर्जबाजारी शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडली म्हणतात. खरं काय झालं आणि त्यांचं चुकलं का? (वाचक, निफाड)

खरं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याने युद्धाचं कर्ज लवकर फेडायचं ठरवलं आणि त्यासाठी कर वाढवले. कर भरायचा तो नाण्यांत. पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात नाणं जवळपास नव्हतंच. लोक धान्य, लाकूड, मजुरी यांची अदलाबदल करून राहत. तिकडे बोस्टनच्या व्यापाऱ्याला इंग्लंडचा व्यापारी रोखीसाठी तगादा लावत होता, बोस्टनचा व्यापारी गावच्या दुकानदाराला, दुकानदार शेतकऱ्याला. साखळीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्याकडे नाणं नाही, म्हणून त्याची जनावरं आणि जमीन लिलावात, आणि तो स्वतः तुरुंगात.

त्यांनी आधी अर्जविनंत्या केल्या, गावोगाव सभा घेऊन ठराव पाठवले. काही झालं नाही. तेव्हा २९ ऑगस्ट १७८६ रोजी नॉर्थॅम्प्टनला जमाव चालून आला आणि कोर्टाचं काम थांबवलं. कोर्ट भरलं नाही तर जप्तीचा हुकूम निघत नाही, हा साधा हिशेब. माणसं टोपीत हेमलॉकची हिरवी डहाळी खोचायची, युद्धात खोचत तशीच. सरकारच्या बाजूचे लोक पांढऱ्या कागदाचा तुकडा लावायचे. ही माणसं स्वतःला ‘रेग्युलेटर’ म्हणवत. ‘शेजचं बंड’ हे नाव विरोधकांनी रूढ केलं. शेज स्वतः युद्धातला कॅप्टन. युद्धातला फ्रेंच सेनानी लाफायेत याने भेट दिलेली तलवार त्याला पैशांच्या अडचणीत विकावी लागली होती.

२५ जानेवारी १७८७ रोजी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर ते चालून गेले. तिथे तोफ डागली गेली आणि चार जण ठार झाले. बंड मोडायला सरकारकडे पैसा नव्हता, म्हणून बोस्टनच्या धनिकांनी आधीच वर्गणी काढून सैन्य उभं केलं होतं. जनरल बेंजामिन लिंकनने ते सैन्य रात्रभर बर्फातून चालवत नेलं आणि ४ फेब्रुवारीला पीटर्सहॅम गावात शेजच्या माणसांना गाठलं.

माझी मुलगी वुस्टरजवळ राहते. मागच्या वेळी तिच्याकडे गेले तेव्हा हट्टाने पीटर्सहॅमला गेलो. त्या गावात या एकाच सकाळच्या आठवणीचे दोन दगड आहेत. पहिला १९२७ सालचा. त्यावर शेजचे लोक राज्याविरुद्ध उठलेले बंडखोर आहेत, आणि शेवटची ओळ सांगते, की कायद्याचं पालन हेच खरं स्वातंत्र्य. दुसरा दोनशे वर्षं पूर्ण झाली तेव्हा, १९८७ साली बसवलेला. त्यावर तेच शेज सामान्य माणसांसाठी लढलेले कॅप्टन आहेत, लिंकनचं सैन्य बोस्टनच्या श्रीमंतांच्या पैशावर उभं आहे, आणि शेवटची ओळ म्हणते, की खऱ्या स्वातंत्र्यासाठी आणि न्यायासाठी कधी कधी कायद्याला विरोध करावा लागतो. मी तिथे बराच वेळ उभी होते. मुलगी गाडीत वाट बघत होती, गार वारा सुटला होता, तरी पाय निघेना. वर्गात एवढी वर्षं ‘इतिहासाचे अन्वयार्थ’ शिकवत आले, पण ते असे दगडावर कोरलेले पहिल्यांदाच बघितले.

त्यांचं चुकलं का, असं विचारता. शस्त्रागारावर चालून जाण्यात चूक होती, असं मला वाटतं. कोर्ट बंद पाडण्यात नव्हती. त्यांच्याकडे दुसरा कुठलाही दरवाजा उरला नव्हता. पुढे घडलेलं माझ्या बाजूने बोलतं. बंडवाल्यांचा मतदानाचा हक्क काढून घेतला गेला, तरी १७८७च्या निवडणुकीत कडक धोरणाचे गव्हर्नर बोडन मोठ्या फरकाने पडले, जॉन हॅनकॉक आले आणि करवसुली सैल झाली. १७८८ साली शेजला माफी मिळाली. दुसरीकडे या बंडाने मालमत्तावाल्यांना आणि जॉर्ज वॉशिंग्टनला एवढी धास्ती बसली, की मे १७८७मध्ये फिलाडेल्फियाला घटना परिषद भरली तेव्हा मजबूत केंद्र सरकार हवं, या म्हणण्याला जोर आला होता. परिषद बोलावण्याची हालचाल आधीच सुरू झालेली होती, म्हणून घटना शेजमुळेच झाली असं मात्र म्हणू नका.

प्रश्न : मी ३४ वर्षं बँकेत काढली. हॅमिल्टनने अमेरिकेची पत उभी केली, हे मान्य. पण ज्या सैनिकांनी प्रमाणपत्रं मातीमोल विकली त्यांना काहीच नाही आणि घेणाऱ्याला पूर्ण रक्कम, हे तुम्हाला योग्य वाटतं का? (वाचक, ठाणे)

हा प्रश्न १७९० साली प्रतिनिधिगृहात असाच विचारला गेला होता, आणि विचारणारे होते व्हर्जिनियाचे सदस्य जेम्स मॅडिसन.

आधी आकडे. जानेवारी १७९०मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी अहवाल ठेवला. केंद्राचं कर्ज सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, त्यात परदेशी देणं १ कोटी १७ लाखांच्या आसपास. शिवाय राज्यांचं मिळून अंदाजे अडीच कोटी. हॅमिल्टन म्हणाले, की सगळं मान्य करू, राज्यांचंही केंद्राच्या डोक्यावर घेऊ, जुने कागद परत घेऊन नवे रोखे देऊ आणि व्याज आयात शुल्कातून भागवू. तुम्ही बँकवाले आहात म्हणून बारकावा सांगते. सगळ्या रकमेला ६ टक्के मिळाले नाहीत. मुद्दलाच्या दोनतृतीयांश भागावर लगेच ६ टक्के, उरलेल्या एकतृतीयांशावर १८०१ सालापासून, आणि थकलेल्या व्याजाच्या रोख्यांवर ३ टक्के. म्हणजे देणेकरी पूर्ण मान देत होता, पण स्वतःची ऐपत ओळखून.

मॅडिसन म्हणाले, की आज ज्याच्या हाती कागद आहे त्याला बाजारातला चढा भाव द्या आणि उरलेला फरक मूळ सैनिकाला द्या. २२ फेब्रुवारीला मतं पडली, बाजूने १३, विरुद्ध ३६. विरोधकांचं म्हणणंही पोकळ नव्हतं. कागद हस्तांतरणीय होता, घेणाऱ्याने धोका पत्करला होता, आणि आज सरकारने मधला व्यवहार मोडला तर उद्या या सरकारचा रोखा दुसऱ्याकडून कोणी घेणार नाही. शिवाय मूळ धारक शोधायचा कसा? कितीतरी प्रमाणपत्रं कारकुनांच्या नावे निघालेली होती.

धारकाला द्यायचं, हे तत्त्व मला पटतं. तुम्हालाही पटेल, कारण आपल्या हातातला धनादेशही त्याच तत्त्वावर चालतो. माझा राग वेगळ्या ठिकाणी आहे. पेन्सिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले रोजनिशी लिहीत. तेव्हा सिनेटचं कामकाज बंद दाराआड चाले, त्यामुळे ही रोजनिशी सोन्याच्या मोलाची आहे. जानेवारी १७९०च्या नोंदींत ते लिहितात, की नॉर्थ कॅरोलिनाकडे भली मोठी रक्कम घेऊन दूत धावत निघाले आहेत, आणि जेरेमाया वॉड्सवर्थने दक्षिणेकडे दोन छोटी जहाजं पाठवली आहेत, प्रमाणपत्रं विकत घ्यायला. वॉड्सवर्थ हे कनेक्टिकटचे निवडून आलेले सदस्य, म्हणजे ज्यांच्या मतावर कायदा व्हायचा त्यांच्यापैकीच एक! तेव्हा राजधानी न्यूयॉर्कला होती, आणि तिथली बातमी दक्षिणेतल्या आडगावी पोहोचायला आठवडे लागत. कागदाचा भाव वाढणार, हे जहाजाला माहीत होतं, शेतात राबणाऱ्या जुन्या सैनिकाला नव्हतं. सरकारला आधी गावोगाव जाहीर नोटीस लावता आली असती आणि मग योजना मांडता आली असती. माझ्या मते अन्याय झाला तो या मधल्या आठवड्यांत, आणि तो टाळता येण्यासारखा होता.

राज्यांच्या कर्जावरून तर याहून मोठं भांडण झालं. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं फेडलं होतं. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलिनाच्या डोक्यावर मोठा बोजा होता. एकाने पोटाला चिमटा काढून फेडायचं आणि दुसऱ्याचं सगळ्यांनी मिळून फेडायचं, हे व्हर्जिनियाला झोंबलं. १२ एप्रिलला प्रस्ताव ३१ विरुद्ध २९ मतांनी पडला. मग जूनमध्ये परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसनच्या न्यूयॉर्कच्या बिऱ्हाडी हॅमिल्टन आणि मॅडिसन जेवायला बसले. जेफरसनने नंतर लिहिलेल्या हकिकतीप्रमाणे सौदा असा ठरला: दक्षिणेने कर्जाचा विरोध सैल करायचा आणि त्याच्या बदल्यात राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी न्यायची. जुलैत राजधानीचा कायदा झाला, ऑगस्टमध्ये कर्जाचा. वॉशिंग्टन शहर आज जिथे आहे, तिथे ते असण्यामागे या कर्जाचा मोठा वाटा आहे.

उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांची बायको ॲबिगेल ॲडम्स हिचंही नाव घ्यायला हवं. नवऱ्याला जमीन घ्यायची हौस, आणि ही बाई त्याला पटवून सरकारी रोखे घ्यायची. विवाहितेला स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवता येत नव्हती, त्या काळात तिने हे केलं. सटोडिये म्हणजे सगळे टोपीवाले पुरुष, असं चित्र मनात असेल तर ते पुसा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. पाहुणे आले की पॅटरसनचा धबधबा दाखवायला नेतो. तिथे हॅमिल्टनचा पुतळा आहे. त्याचा इथे काय संबंध? (वाचक, न्यू जर्सी)

पॅसेइक नदीचं ते ७७ फूट कोसळणारं पाणी हॅमिल्टनला यंत्रं फिरवण्यासाठी हवं होतं. इंग्लंडवर अवलंबून राहायचं नसेल तर कारखाने हवेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १७९१ साली न्यू जर्सीने एका कंपनीला सनद दिली आणि गव्हर्नर विल्यम पॅटरसनचं नाव गावाला पडलं. कंपनीचा प्रमुख होता विल्यम ड्यूअर. त्याने रोख्यांच्या सट्ट्यात हात पोळून घेतले आणि १७९२च्या मार्चमध्ये कर्जापायी तुरुंगात गेला. त्याच्याबरोबर न्यूयॉर्कचा बाजारही कोसळला. कापडाची गिरणी काही काळ चालली आणि १७९६ साली बंद पडली. पाण्याचे कालवे मात्र राहिले आणि पुढच्या शतकात त्यांच्यावर मोठं औद्योगिक शहर उभं राहिलं. पाहुण्यांना पुढच्या वेळी ते कालवेही दाखवा.

प्रश्न : दारूवरच्या करासाठी वॉशिंग्टनने १३ हजार सैन्य नेलं, हे खरं का? दारूसाठी लोक एवढे पेटले? (वाचक, जालना)

सैन्याचा आकडा जवळपास तेवढाच आहे. पण ‘दारूसाठी’ हा शब्द मागे घ्या, कारण त्यात त्या लोकांवर अन्याय होतो. ॲलेघेनी डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याचं पीक म्हणजे राय हे धान्य. डोंगर ओलांडून पूर्वेच्या बाजारात न्यायचं तर एका घोड्यावर चार बुशेल (धान्याचं तिकडचं माप) राय जाई. तीच राय गाळून व्हिस्की केली तर त्याच घोड्यावर २४ बुशेलांचा माल जाई. नदीने खाली न्यावं तर मिसिसिपीचं तोंड स्पेनने अडवलेलं. म्हणून घरोघरी भट्टी. मजुराला मजुरी व्हिस्कीत, दुकानदाराला उधारी व्हिस्कीत. ती त्यांची नाणी होती.

मार्च १७९१मध्ये कर बसला, तो भरायचा रोखीत. रचना अशी, की मोठ्या भट्टीवाल्याला गॅलनमागे कमी पडे आणि लहानाला जास्त. खटला झाला तर हजर व्हायचं कुठे, तर फिलाडेल्फियाला, सुमारे ३०० मैल दूर. आणि पैसा जायचा कुठे? तर रोखेधारकांच्या व्याजात. आमच्या परभणीच्या विद्यार्थिनीने हा तिसरा रकाना इथे भरावा. ज्या सैनिकाने प्रमाणपत्र मातीमोल विकलं आणि डोंगरापलीकडे जाऊन शेती केली, तोच आता त्या प्रमाणपत्रावरचं व्याज भरणार होता.

जुलै १७९४मध्ये पिट्सबर्गजवळ कर अधिकारी जॉन नेव्हिल याच्या बॉवर हिल या घरावर लोक चालून गेले. नेव्हिल स्वतः मोठा भट्टीवाला होता, हे लक्षात घ्या. जमावाचा पुढारी जेम्स मॅकफार्लेन, तोही स्वातंत्र्ययुद्धातला सैनिक, गोळी लागून मेला आणि लोकांनी घर जाळून टाकलं. वॉशिंग्टन स्वतः बेडफर्डपर्यंत सैन्याबरोबर गेले, हॅमिल्टन पुढेही गेले. समोर लढायला कोणी उभंच नव्हतं. राजद्रोहात दोघे दोषी ठरले, दोघांना वॉशिंग्टननी माफी दिली. सरकारची जरब बसली, पण पश्चिमेकडची मतं जेफरसनच्या पक्षाकडे गेली. जेफरसन अध्यक्ष झाल्यावर १८०२ साली तो कर रद्द झाला.

प्रश्न : हे सगळं चाललं होतं तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? काही धागा जुळतो का? (वाचक, पुणे)

एक धागा माणसाचा आहे. ऑक्टोबर १७८१मध्ये यॉर्कटाउनला ज्याचं सैन्य शरण आलं तो इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ साली कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होऊन आला. १७९० साली त्याने पेशवे आणि निजाम यांच्याशी करार करून टिपूवर स्वारी केली. नाना फडणीस ज्याच्याशी वाटाघाटी करत होते त्याच्या गाठीला यॉर्कटाउनची हार होती.

दुसरा धागा व्यापाराचा. १७९४ साली अमेरिकेने इंग्लंडशी जो तह केला तो ‘जेचा तह’. अमेरिकेत त्यावर रान उठलं, वाटाघाट करणाऱ्या जॉन जेच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. त्याच तहाच्या तेराव्या कलमाने कंपनीच्या ताब्यातल्या भारतातल्या बंदरांत अमेरिकन जहाजांना व्यापाराची मुभा मिळाली.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. तुमच्या लेखात कर, कर्ज, स्वातंत्र्य सगळं येतं. गुलाम कुठे आहेत? (शिक्षिका, अंबाजोगाई)

बाई, गेल्या अंकात ते आले नाहीत ही माझी चूक, आणि तुम्ही ती दाखवलीत म्हणून आभार मानते.

१७९० साली पहिली जनगणना झाली. सुमारे ३९ लाखांत जवळपास ७ लाख माणसं गुलाम. घटनेने प्रतिनिधी मोजताना दर पाच गुलामांमागे तीन धरले. मत त्यांना नाही, पण त्यांच्या संख्येवर मालकांच्या राज्यांना जागा जास्त. १८०० सालच्या निवडणुकीत जेफरसनला ७३ निर्वाचक मतं पडली आणि तेव्हाचे अध्यक्ष जॉन ॲडम्स यांना ६५. अध्यक्ष निवडणारी ही मतं राज्याच्या प्रतिनिधींच्या संख्येवरच ठरत. या जादा जागा नसत्या तर जेफरसन हरले असते. करांविरुद्ध, बँकेविरुद्ध, साध्या शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारा पक्ष या पायावर सत्तेत आला, हे मुलांना जरूर सांगा. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मुक्त केलं त्यांना. तिथवर पोहोचायला त्या देशाला यादवी युद्धातून जावं लागलं.

एक नाव मुलांना द्या: ओना जज. फिलाडेल्फियात अध्यक्षांच्या घरी मार्था वॉशिंग्टनची कपड्यालत्त्याची व्यवस्था बघणारी, विशीतली गुलाम मुलगी. मे १७९६मध्ये, घरचे जेवायला बसले असताना ती बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशरमधल्या पोर्ट्‌स्मथला गेली. वॉशिंग्टनच्या कारभाऱ्याने तिला धरून देणाऱ्यास १० डॉलर बक्षीस अशी जाहिरात दिली. ती मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीच्या हिशेबात मांडलेली होती, त्यामुळे ती गेली तर वॉशिंग्टनला त्या इस्टेटीला भरपाई द्यावी लागली असती.

सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टननी पत्र लिहिलं ते अर्थमंत्री ऑलिव्हर वोलकॉटना. अर्थमंत्र्यांना का, तर बंदरोबंदरी जकात गोळा करणारे अधिकारी त्यांच्या हाताखाली. पोर्ट्‌स्मथचे जकात अधिकारी जोसेफ व्हिपल. ज्या शुल्कातून राष्ट्राचं कर्ज फिटत होतं, ते गोळा करणाऱ्यालाच आता एका मुलीला जहाजावर बसवून परत पाठवायचं काम आलं. ही पत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वर्गात पडद्यावर दाखवा, मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.

व्हिपलने ओनाला बोलावलं, तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि कळवलं, की ती स्वातंत्र्याच्या ओढीने आली आहे. पुढे मुक्त करण्याचं वचन मिळालं तर ती परत येईल. वॉशिंग्टननी तसं वचन द्यायला नकार दिला. व्हिपलने तिला जहाजावर चढवलं नाही. ती न्यू हॅम्पशरमध्येच राहिली, तिथेच लग्न केलं, आणि १८४८ साली तिथेच वारली. कायद्याच्या कागदांत ती शेवटपर्यंत त्या इस्टेटीचीच मालमत्ता होती.